विश्लेषण : आयर्लंडमधील कुळाचा मुलगा स्पेनचा व्हाइसरॉय कसा झाला?

चिलीच्या उत्तर भागात वायेनार नावाचे शहर आहे. नाव स्पॅनिश वाटत असले तरी ते आले आहे आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातील बॅलिनरी या लहानशा गावावरून. शहराला हे नाव देणारे अम्ब्रोसिओ ओहिगिन्स १७२०च्या सुमारास बॅलिनरीत जन्मले आणि १८०१मध्ये लिमा येथे मरण पावले. त्या वेळी ते स्पेनच्या राजाचे पेरूमधील व्हाइसरॉय होते. चिलीच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते बर्नार्डो ओहिगिन्स हे त्यांचे पुत्र. स्वदेशात साधी सरकारी नोकरीही ज्यांना मिळाली नसती, त्यांना स्पेनने इतक्या मोठ्या पदावर कसे बसवले? आणि त्यांच्याच मुलाने स्पेनची सत्ता का उलथवली?

आयर्लंड का सोडावे लागले?

त्यांचे मूळ नाव अ‍ॅम्ब्रोज हिगिन्स. घराणे जुने, पण जमीन हातची गेलेली. कुटुंब पुढे मीथ परगण्यातील समरहिल येथे एका जमीनदाराचे कूळ म्हणून राहू लागले. ही केवळ एका घराची कहाणी नव्हती. १६९१मध्ये कॅथलिक बाजूचा युद्धात पराभव झाल्यानंतर आयर्लंडमध्ये कॅथलिकांविरुद्ध एकामागून एक कायदे झाले. त्यांना जमीन विकत घेता येईना, सरकारी पदे मिळेनात, संसदेत बसता येईना. पुढे मतदानाचा हक्कही गेला. हुशार आणि महत्त्वाकांक्षी तरुणापुढे दोनच मार्ग उरले. एक तर धर्म बदलायचा किंवा देश सोडायचा. अ‍ॅम्ब्रोज यांनी दुसरा मार्ग धरला.

मग स्पेनच का?

याचे एक उत्तर दंतकथेत आहे. अकराव्या शतकात संकलित झालेल्या ‘लेबोर गबाला’ या आयरिश ग्रंथानुसार आयरिश लोकांचे पूर्वज मील एस्पान्ये याचे वंशज होते आणि ते स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरून समुद्रमार्गे आयर्लंडला आले. हा इतिहास नव्हे. मील एस्पान्ये हे नावच स्पेनचा सैनिक अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून बनलेले आहे. तरीही कथेचा व्यावहारिक उपयोग झाला. स्पेनच्या दरबारात आश्रय मागणारे आयरिश सरदार या समान वंशाचा आवर्जून दाखला देत.

दुसरे उत्तर धर्म आणि युद्धात आहे. १६०१मध्ये इंग्रजांशी लढणाऱ्या आयरिश सरदारांच्या मदतीसाठी स्पेनचे सैन्य किन्सेल बंदरात उतरले. लढाई हरली, पण नाते टिकले. सालामांका येथे १५९२पासूनच आयरिश धर्मगुरूंना शिक्षण देणारे महाविद्यालय होते. पुढे स्पेनच्या सैन्यात इर्लांदा, इबेर्निया आणि उल्तोनिया या आयरिश पलटणी उभ्या राहिल्या. स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या कॅथलिक आयरिश लोकांना राजाच्या प्रजेप्रमाणे व्यापार आणि नोकरीचे हक्क मिळत गेले. इतर परदेशी लोकांना ही सवलत सहजासहजी मिळत नसे.

कादिझचा व्यापार काय होता?

तिसरे उत्तर व्यापाराचे आणि अ‍ॅम्ब्रोज यांच्यासाठी तेच सर्वात महत्त्वाचे ठरले. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे बंदरात कित्येक शतकांपासून स्पॅनिश दारू उतरत होती. अठराव्या शतकात आयर्लंडमधून लोणी, खारवलेले गोमांस, कातडी आणि लिननचे कापड स्पेनला जात असे. परतीच्या जहाजांत दारू, फळे आणि मीठ येई.

या व्यवहाराचे मोठे केंद्र होते कादिझ. स्पेनच्या अमेरिकेतील व्यापारावर नियंत्रण ठेवणारे सरकारी कार्यालय १७१७मध्ये सेव्हिलहून तेथे हलले. परदेशी व्यापाऱ्यांना अमेरिकेशी थेट व्यापाराची मुभा नव्हती. त्यामुळे स्पॅनिश हक्क मिळालेल्या आयरिश पेढ्यांना महत्त्व आले. उत्तर युरोपशी त्यांचा संपर्क होता आणि स्पॅनिश कायद्याचे दारही त्यांना उघडे होते. १७५१च्या सुमारास कादिझला पोहोचलेले अ‍ॅम्ब्रोज अशाच एका पेढीत, बटलर या आयरिश व्यापारी घराण्याकडे, कामाला लागले. १७५६मध्ये ते प्रथमच दक्षिण अमेरिकेला गेले, तेही व्यापाराच्या कामासाठी.

व्यापारात त्यांना मोठे यश मिळाले नाही. स्पेनला परतल्यावर त्यांनी लष्करी अभियंत्यांच्या दलात आराखडे काढणाऱ्याची नोकरी धरली. तेथेही आयरिश ओळख उपयोगी पडली. चिलीतील कामगिरीवर निघालेले अभियंता जॉन गारलँड हेही आयरिशच होते. त्यांच्या सोबतीला म्हणून हिगिन्स पुन्हा अटलांटिकपार गेले.

अँडीजमधील निवारे का गाजले?

ब्युनोस आयर्सहून चिलीला जायचे तर अँडीज पर्वत ओलांडावा लागे. हिवाळ्यात बर्फामुळे वाट बंद पडे आणि टपाल महिनोन्‌महिने अडकून राही. ऐन हिवाळ्यात ही वाट पार करताना हिगिन्स मरता मरता वाचले. त्यानंतर त्यांनी उस्पायाता खिंडीच्या मार्गावर ठरावीक अंतराने पक्के निवारे बांधण्याची योजना सरकारपुढे ठेवली. ती मंजूर झाली आणि १७६०च्या दशकात बांधकाम सुरू झाले.

रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली होती. बर्फाचे ढीग साचले तरी आत जाता यावे म्हणून जमिनीपासून काही फूट उंच जोते आणि बाहेरून पायऱ्या. आत कोळसा आणि टिकाऊ अन्नाचा साठा. दाराला कुलूप, आणि सगळ्या निवाऱ्यांना चालणारी किल्ली प्रत्येक टपालवाल्याकडे. यामुळे चिलीचे टपाल बाराही महिने सुरू राहू लागले. १८३५मध्ये चार्ल्स डार्विन या वाटेने गेले, तेव्हाही हे निवारे उभे होते.

चिलीत त्यांनी काय केले?

१७७०पासून हिगिन्स चिलीच्या दक्षिण सीमेवर घोडदळाचे अधिकारी होते. मापुचे या मूळ रहिवाशांशी ते लढले आणि त्यांच्याशी वाटाघाटीही त्यांनीच केल्या. १७९३मध्ये नेग्रेते येथे मापुचे प्रमुखांबरोबर मोठी तहसभा झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. १७८६मध्ये ते कॉन्सेप्सिऑनचे प्रशासक झाले आणि १७८८मध्ये चिलीचे गव्हर्नर.

त्यांचा सर्वात मोठा निर्णय होता एन्कोमिएन्दा पद्धत बंद करण्याचा. या पद्धतीत मूळ रहिवाशांचे गट स्पॅनिश जमीनमालकांच्या ताब्यात दिले जात आणि त्यांच्याकडून सक्तीने श्रम करून घेतले जात. उत्तर चिलीचा दौरा करून परिस्थिती पाहिल्यावर त्यांनी १७८९मध्ये ही पद्धत रद्द केली. बड्या जमीनदारांचा विरोध होता, तरी १७९१मध्ये राजाने निर्णयावर शिक्कामोर्तब केले. मात्र मूळ रहिवाशांच्या भूमीवरील स्पेनच्या हक्कावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. साम्राज्य नीट चालावे, हाच त्यांचा उद्देश होता.

सांतियागो ते वाल्पाराइसो बंदर हा गाडीरस्ता त्यांच्या काळातला. वायेनारसह अनेक शहरांची स्थापनाही तेव्हाचीच. राजाने पुढे त्यांना बॅरन ऑफ बॅलिनरी हा किताब दिला. आयरिश घराण्यांच्या आडनावाआधी लागणारा ‘ओ’ बरीच वर्षे त्यांच्या नावात नव्हता, तो उतारवयात परत आला. १७९६मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात असताना, ते पेरूचे व्हाइसरॉय झाले. स्पेनच्या अमेरिकेत त्या काळी असे चारच व्हाइसरॉय असत.

मुलाशी नाते कसे होते?

बर्नार्डो यांचा जन्म १७७८मध्ये चियान येथे झाला. आई इझाबेल रिकेल्मे स्थानिक प्रतिष्ठित घराण्यातील तरुणी होत्या. आईवडिलांचा विवाह झाला नाही. राजाच्या अधिकाऱ्याला आपल्या कार्यक्षेत्रातील स्त्रीशी परवानगीवाचून लग्न करता येत नसे. परदेशात जन्मलेल्या अधिकाऱ्याच्या पदोन्नतीला हा धोकाही होताच. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचे नाव आहे, आईचे नाही. मूल दुसऱ्यांच्या घरी वाढले, रिकेल्मे हे आडनाव लावत राहिले.

वडिलांनी शिक्षणाचा खर्च केला. बर्नार्डो यांना आधी लिमाला आणि मग इंग्लंडला पाठवले. पण पिता-पुत्र कधी एकत्र राहिले नाहीत. इंग्लंडहून मुलगा पत्रे लिहीत राहिला, वडिलांकडून उत्तर येत नसे. लंडनमध्ये बर्नार्डो यांना फ्रान्सिस्को दे मिरांदा भेटले. अमेरिकेतील स्पेनची सत्ता संपवण्याची तयारी करणारे हे क्रांतिकारक. ही बातमी स्पॅनिश सरकारच्या कानी गेली. माद्रिदने व्हाइसरॉयपदावर दुसऱ्याची नेमणूक केली, पण नवे व्हाइसरॉय कारभार हाती घेण्याआधीच, मार्च १८०१मध्ये, अम्ब्रोसिओ यांचे निधन झाले. मुलावर नाराज असूनही त्यांनी दक्षिण चिलीतील लास कांतेरास ही जहागीर त्यालाच ठेवली.

पुढे काय झाले?

१८०२मध्ये चिलीला परतलेल्या बर्नार्डो यांनी वडिलांचे आडनाव धारण केले. १८१७च्या सुरुवातीला खोसे दे सान मार्तिन यांच्या फौजेबरोबर ते अँडीज ओलांडून आले. फौजेची एक तुकडी उस्पायाता खिंडीतून, म्हणजे अम्ब्रोसिओ यांनी निवारे बांधलेल्या वाटेने, उतरली. १२ फेब्रुवारीला चाकाबुको येथे स्पॅनिश सैन्याचा पराभव झाला आणि बर्नार्डो चिलीचे सर्वोच्च शासक झाले. त्याच वर्षी त्यांनी सरदारकीचे किताब रद्द केले. वडिलांनी आयुष्यभराच्या सेवेतून मिळवलेल्या किताबाला चिलीत अर्थ उरला नाही.

स्पेनने धर्म आणि व्यापाराच्या जुन्या नात्यामुळे एका परक्याला आपले मानले. चिलीत जन्मलेल्या त्याच्या मुलाला मात्र त्याच साम्राज्याच्या नियमांनी वडिलांपासून दूर ठेवले. राजधानी सांतियागोच्या मुख्य रस्त्याला आज बर्नार्डो ओहिगिन्स यांचे नाव आहे. अम्ब्रोसिओ यांनी आपल्या जन्मगावाचे दिलेले नाव वायेनारच्या रूपात अजून टिकून आहे.