मुकुंदराव पाटील : तरवडीचे संपादक

वर्तमानपत्र म्हटले की शहर, कचेरी आणि छापखाना डोळ्यांसमोर येतो. मुकुंदराव पाटील यांनी मात्र नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, तरवडीसारख्या खेड्यात आयुष्यभर साप्ताहिक चालवले.

त्यांचा जन्म १८८५ चा. जन्मदाते वडील सत्यशोधक कृष्णराव भालेकर. १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ काढणारे ते हेच. पैशांअभावी ते पत्र त्यांच्या हातून गेले आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा सुरू केले. पत्र काढणे सोपे, आपल्या हाती राखणे कठीण! महाराष्ट्राबाहेर अंक चालवणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

तरवडीच्या पाटील घराण्यात मुकुंदराव दत्तक गेले. नोव्हेंबर १९१० मध्ये त्यांनी ‘दीनमित्र’ सुरू केले. पुढे ते तरवडीतच स्थिरावले. शहरातल्या संपादकाला कुलकर्ण्याचे दप्तर आणि सावकाराची वही ऐकून माहीत. मुकुंदरावांच्या ती दारातच होती. त्यातूनच १९१३ मध्ये ‘कुलकर्णी लीलामृत’ आले. धर्मग्रंथांच्या ओवीबद्ध पोथीचा थाट घेऊन कुलकर्ण्यांच्या कारभारावर कोरडे ओढण्याची ही युक्ती बेमालूम होती, कारण पोथी ऐकायची सवय गावाला होतीच. पुढे ‘शेटजी प्रताप’मध्ये त्यांनी सावकारांनाही सोडले नाही. ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ ही कादंबरीही त्यांचीच.

मालक तेच, संपादकही तेच. मोठ्या शहराचा आधार नसताना ‘दीनमित्र’ ५७ वर्षे निघाले. १९६७ मध्ये मुकुंदराव गेले आणि त्याच वर्षी पत्रही थांबले.