जुन्या पोथ्या, नवा विचार : डॉ. रा. गो. भांडारकर



युरोपातील प्रबोधनाचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. तिथल्या विद्वानांनी जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ शोधले आणि स्वतः तपासून वाचले. पोपच्या सत्तेला आधार मानलेलं एक दानपत्र बनावट आहे, हे लोरेन्झो व्हाल्लाने १४४० साली भाषेवरून सिद्ध केलं. मग जासईच्या वर्गातलं एखादं मूल हमखास विचारतं, की आपल्याकडे असं कोणी केलं का? केलं! तेही आपल्यासारख्याच एका शिक्षकाने.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणचा. वडील सरकारी कारकून. रत्नागिरीत शिकून ते मुंबईला आले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे यांच्यासोबत तेही होते. पुढे शाळेत शिकवताना त्यांनी संस्कृतची दोन सोपी पाठ्यपुस्तकं लिहिली. नुसत्या घोकंपट्टीवर चालणारी भाषा त्यामुळे कितीतरी मुलांना समजून शिकता आली.

त्यांनी सरकारसाठी जुनी हस्तलिखितं मिळवली. ताम्रपट, शिलालेख, नाणी पडताळून १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. आपल्या उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहारही त्यात भेटतात.

पण खरी परीक्षा घरातच झाली. त्यांची मुलगी विधवा झाली. शास्त्राला पुनर्विवाह मान्य नाही, असं लोक सांगत. भांडारकरांनी ते शास्त्र मुळातून वाचलेलं होतं. लोकनिंदा सोसून १८९१ साली त्यांनी मुलीचं पुन्हा लग्न लावून दिलं. त्याच वर्षी संमतिवयाच्या वादातही ते मूळ ग्रंथांचे आधार घेऊन मुलींच्या बाजूने उभे राहिले.

१९१७ साली, त्यांच्या ८० व्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली. स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांनी तिला देऊन टाकला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते गेले.

म्हणून सांगावंसं वाटतं, जुन्याचा अभिमान मुलांना जरूर द्या, पण ते वाचायची सवयही लावा. पूर्वीपासून असंच आहे, असं कुणी म्हटलं, तर ते नेमकं कुठे लिहिलंय, हे आपल्या मुलांना नम्रपणे विचारता आलं पाहिजे. आणि त्यांनी ते घरात किंवा वर्गात आपल्यालाच विचारलं, तर रागावू नका. पुस्तक काढा आणि सोबत बसून वाचा.