वीर बाबुराव शेडमाके

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. जुन्या काळी या मुलखाला चांदा म्हणत. येथे गोंड राजांनी कित्येक शतके राज्य केले. चंद्रपूरचा परकोट आणि त्याचे भव्य दरवाजे आजही त्यांची आठवण करून देतात. राजांच्या हाताखाली ठिकठिकाणी जमीनदार असत. आपल्या मोहर्लीसारख्याच दाट जंगलाच्या अहेरी भागात शेडमाके हे असेच एक गोंड घराणे होते.

या घराण्यात १२ मार्च १८३३ रोजी किष्टापूर येथे बाबुरावांचा जन्म झाला. त्यांचे वडील पुल्लेसुरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार होते. आईचे नाव जुर्जाकुंवर. लहानपणी बाबुराव गोटुलात धनुष्यबाण, भाला व तलवार चालवायला शिकले. पुढे वडिलांनी त्यांना इंग्रजी शिक्षणासाठी रायपूरला पाठवले. जंगलाचे ज्ञान आणि शाळेचे शिक्षण दोन्ही त्यांना मिळाले.

१८५४ साली इंग्रजांनी नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदाही त्यांच्या ताब्यात गेला. जमीनदारांचे जुने हक्क कमी झाले. बाबुरावांना हे सहन झाले नाही. २४ सप्टेंबर १८५७ रोजी त्यांनी 'जंगोम सेना' उभारली. जंगोम म्हणजे जागृती. या सेनेत गोंड व माडिया तरुण होते, तसेच रोहिले शिपाईही होते. धर्म आणि भाषा वेगळी असली तरी ते एकाच झेंड्याखाली लढले. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव हेही त्यांना येऊन मिळाले.

मार्च १८५८ मध्ये बाबुरावांनी राजगड जिंकले. चांद्याचे इंग्रज अधिकारी कॅप्टन क्रिक्टन यांनी त्यांच्यावर फौज पाठवली. पण १३ मार्चला नांदगाव-घोसरीच्या लढाईत तिचा पराभव झाला. २९ एप्रिलला प्राणहिता नदीकाठच्या तारखात्याच्या छावणीवर बंडवाल्यांनी हल्ला केला. त्यात दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले.

बाबुराव लढाईत हाती लागेनात. तेव्हा क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. बाबुरावांना पकडून दिले नाही, तर आपली जमीनदारी जाईल, अशी भीती त्यांना वाटली. त्यांच्या माणसांनी बाबुरावांना पकडले आणि १८ सप्टेंबर १८५८ रोजी ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले. जे काम इंग्रजांच्या फौजेला जमले नाही, ते आपल्याच माणसांच्या फुटीने झाले.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी देण्यात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले. पण १८६० साली तेही पकडले गेले. त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली.

भारत सरकारने २००९ साली बाबुरावांचे टपाल तिकीट काढले. चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात एक जुना पिंपळ आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक तेथे जमतात आणि या शूर वीराला आदरांजली वाहतात. शेडमाके घराण्याची जमीनदारी गेली. पण बाबुरावांचे नाव साऱ्या जिल्ह्याचा वारसा झाले.