साल्वादोर लुरिया

साल्वादोर एडवर्ड लुरिया (१३ ऑगस्ट १९१२ – ६ फेब्रुवारी १९९१) हे इटलीत जन्मलेले अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. जिवाणूंमधील प्रतिरोध हा आपोआप घडणाऱ्या उत्परिवर्तनातून आधीच उपजलेला असतो, हे त्यांनी माक्स डेलब्र्यूक यांच्यासह सिद्ध केले.

जीवन

लुरिया यांचा जन्म तुरिन येथील ज्यू कुटुंबात झाला. १९३५ मध्ये त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी घेतली. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे इटलीत संशोधन करणे अशक्य झाले, तेव्हा ते पॅरिसला गेले. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या वेशीवर येताच त्यांनी सायकलवरून शहर सोडले आणि मार्सेलमार्गे सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्क गाठले. १९४३ मध्ये ते इंडियाना विद्यापीठात रुजू झाले. तेथील त्यांचे पहिले संशोधक विद्यार्थी म्हणजे जेम्स वॉटसन.

चढउतार चाचणी

जिवाणूंवर त्यांचे भक्षक विषाणू सोडले, की बहुतेक मरतात, थोडे तगतात. हे तगणारे विषाणूच्या संपर्काने बदलतात, की आधीच वेगळे असतात? एका नृत्यसमारंभात जुगारयंत्रावर नाणी घालणाऱ्या सहकाऱ्याला पाहताना लुरिया यांना युक्ती सुचली. यंत्रातून बहुतेकदा काहीच निघत नाही, क्वचित मात्र घबाड हाती लागते. बदल विषाणूमुळे होत असेल, तर स्वतंत्रपणे वाढवलेल्या प्रत्येक नलिकेत प्रतिरोधी जिवाणूंची संख्या साधारण सारखी यावी. तो आधीच घडत असेल, तर ज्या नलिकेत तो लवकर घडला तिथे त्याची संतती पुष्कळ, इतरत्र शून्य. एका प्रयोगात २० पैकी ११ नलिकांत एकही प्रतिरोधी वसाहत नव्हती. एकीत १०७ होत्या. गणिती मांडणी डेलब्र्यूक यांनी केली. निबंध १९४३ मध्येच प्रसिद्ध झाला.

प्रभाव

१९४५ मध्ये मिलिस्लाव डेमेरेक यांनी हीच चाचणी पेनिसिलीनसाठी, तर १९५२ मध्ये लॉइड लॉ यांनी उंदरांतील रक्ताच्या कर्करोगपेशींसाठी वापरली. दोन्हीकडे उत्तर तेच आले. औषध प्रतिरोध घडवत नाही, निवडते. म्हणूनच क्षयावर अनेक औषधे एकाच वेळी देतात : एका औषधाला प्रतिरोध दहा लाखांत एका जिवाणूत असेल, तर स्वतंत्रपणे दोहोंना असणारा दहा लाख गुणिले दहा लाखांत एकच. कीडनाशके आलटून-पालटून फवारण्याचा नारायणगाव-वारूळवाडी भागातील टोमॅटो उत्पादकांना परिचित असलेला सल्लाही याच विचारातला. कर्करोगात औषधाला दाद देणाऱ्या काही पेशी मुद्दाम राखून प्रतिरोधी पेशींना रोखण्याचा उपायही अभ्यासला जात आहे. अर्थात जिवाणू एकमेकांकडून प्रतिरोधाची जनुकेही घेतात. तो मार्ग या चाचणीच्या कक्षेबाहेरचा आहे.

उत्तरायुष्य

१९५९ पासून लुरिया मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत होते. तेथील कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. १९६९ चे शरीरक्रियाशास्त्र व वैद्यकातील नोबेल पारितोषिक त्यांना डेलब्र्यूक आणि आल्फ्रेड हर्शी यांच्यासह विभागून मिळाले. मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.