पॉल एर्लिख आणि त्यांचा रामबाण

औषध गुणकारी निघालें म्हणजे आपण त्यास सहज रामबाण म्हणून मोकळे होतों. परंतु रामबाणाची खरी ख्याति त्याच्या नेमकेपणाची आहे. तो शत्रूलाच लागावयाचा. बाजूस उभ्या असलेल्यास त्याची झळहि पोंचावयाची नाहीं. असें औषध मनुष्यास बुद्धिपुरस्सर घडवितां येईल हा ध्यास ज्यांनीं जन्मभर घेतला, त्या पॉल एर्लिख यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें असें आहे.

एर्लिख यांचा जन्म ता. १४ मार्च १८५४ रोजीं सायलेशिया प्रांतांतील श्ट्रेलेन या गांवीं एका ज्यू कुटुंबांत झाला. तें गांव तेव्हां प्रशियाच्या राज्यांत होतें. आज तें पोलंडमध्यें मोडतें. शाळेंत पॉल लॅटिन व गणित या विषयांत चांगला होता, पण निबंध म्हटला कीं त्याच्या अंगावर कांटा उभा राही. शाळा सोडतांना त्यास जीवन हें स्वप्न आहे या विषयावर निबंध लिहावयाचा होता. जीवन म्हणजे शरीरांत चाललेलें एक प्रकारचें ज्वलन, आणि स्वप्न म्हणजे मेंदूंतील त्याचीच एक क्रिया, असें कांहींसें त्यानें लिहिलें, अशी आख्यायिका आहे. परीक्षक प्रसन्न झाले नाहींत हें सांगावयास नकोच!

आईच्या माहेरचे एक नातलग, कार्ल वायगर्ट, हे सूक्ष्म जंतु दिसावेत म्हणून त्यांस कृत्रिम रंग देत असत. त्यांच्यापासून पॉलला रंगांचें वेड लागलें. वैद्यकाचा अभ्यास करीत असतां त्याच्या बोटांवर सदैव निळे-तांबडे डाग असत. एकच रंग शरीराच्या एका भागास घट्ट चिकटतो आणि शेजारच्या भागास स्पर्शहि करीत नाहीं, हें त्यानें पुनःपुन्हां पाहिलें. १८७८ सालीं लाइप्झिग येथें त्यानें वैद्यकाची पदवी मिळविली, तीहि रंगांवरील प्रबंधावरच.

ता. २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. ते ऐकावयास एर्लिख हजर होते. हा जंतु रंग सहजासहजीं घेत नसे. एर्लिख यांनीं त्यावर लौकरच एक सुधारलेली रीत काढली. कांचेच्या पट्ट्या वाळण्यासाठीं त्यांनीं थंड शेगडीवर ठेविल्या होत्या, मोलकरणीनें नकळत शेगडी पेटविली, आणि उष्णतेनें रंग अधिकच पक्का बसला, अशी एक गोष्ट सांगतात. पुढें त्याच रीतीनें त्यांस स्वतःच्या थुंकींत क्षयाचे जंतु दिसून आले! हवापालटासाठीं ते इजिप्तमध्यें जाऊन राहिले व सुदैवानें बरे होऊन परतले.

त्यानंतर घटसर्पावरील प्रतिविष किती प्रमाणांत द्यावें याचें नेमकें मापन त्यांनीं ठरविलें; रोगप्रतिकाराविषयीं केलेल्या कामाबद्दल १९०८ सालचें नोबेल पारितोषिक त्यांस रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह यांच्यासमवेत मिळालें. परंतु मनांत घर करून बसलेला विचार निराळाच होता. जो रंग जंतूसच धरतो, त्याच्याबरोबर विष पाठविलें तर?

१८९९ पासून ते फ्रँकफुर्ट येथील संस्थेचे प्रमुख होते. एका धनिक विधवेच्या देणगींतून १९०६ सालीं त्यांस नवी प्रयोगशाळाहि मिळाली. तोंडांत चिरूट, कांखेंत चिरुटांची पेटी, आणि सहकाऱ्यांसाठीं रंगीत पेन्सिलींनीं लिहिलेल्या चिठ्ठ्या, असा त्यांचा थाट असे. उंदरांस ट्रिपॅनोसोम नांवाच्या सूक्ष्म जीवांची लागण करावयाची आणि एकामागून एक औषधें देऊन पाहावयाचीं, असें काम चालू होतें. येथेंच सुमारें १९०७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जें पाहिलें, तें माझ्या मतें त्यांच्या सर्व शोधांत अधिक दूरगामी आहे.

औषध दिलें कीं उंदराच्या रक्तांतून जंतु नाहींसे होत. कांहीं दिवसांनीं ते पुन्हां दिसत. पुन्हां औषध, पुन्हां तोच प्रकार. आणि शेवटीं अशी वेळ येई कीं जंतु त्या औषधास मुळींच दाद देत नसत. ते दुसऱ्या उंदरांत सोडले तरी त्यांचा हा गुण टिकून राही. मात्र एका रंगास न जुमानणारे जंतु सोमलयुक्त औषधानें मरत. सोमलास न जुमानणारे रंगानें मरत. यावरून एर्लिख यांनीं दोन गोष्टी ठरविल्या: पहिला घाव होतां होईल तों पुरा घालावा, कारण अर्धवट मारा म्हणजे शत्रूस दिलेली तालीमच, आणि शक्य तेथें निरनिराळ्या जातींच्या औषधांनीं एकाच वेळीं हल्ला करावा.

सोमलाचीं शेंकडों संयुगें त्यांच्या प्रयोगशाळेंत तयार झालीं. त्यांतील ६०६ क्रमांकाचें संयुग एकदां निरुपयोगी म्हणून बाजूस पडलें होतें. १९०९ सालीं टोकियोहून आलेल्या साहाचिरो हाता या चिकाटीच्या तरुणानें तें पुन्हां तपासलें. ससे बरे झाले. उपदंश हा रोग त्या काळीं घरेंच्या घरें उध्वस्त करी. आईपासून निष्पाप अर्भकांसहि तो होई. त्यावर हें पहिलें खरें औषध होय. १९१० सालीं तें साल्वर्सान या नांवानें बाजारांत आलें, आणि तत्पूर्वीं सुमारें ६५,००० मात्रा वैद्यांस फुकट वांटून अनुभव गोळा केला गेला. औषध निर्दोष नव्हतें. हवा लागतांच तें बिघडे. कांहीं रोगी दगावलेहि. एर्लिख यांच्यावर हीन आरोप झाले. १९१४ सालीं फ्रँकफुर्टच्या न्यायालयांत त्यांस साक्ष द्यावी लागली व निंदकास कैदेची शिक्षा झाली, पण प्रकृति खचली ती खचलीच. ता. २० ऑगस्ट १९१५ रोजीं ते वारले. नाझी राजवटींत त्यांच्या नांवाच्या रस्त्याची पाटीसुद्धां ठेविली गेली नाहीं; पुढें त्याच देशानें २०० मार्कांच्या नोटेवर त्यांचें चित्र छापलें.

उंदरांत त्यांनीं जें पाहिलें तें पुढें जगभर रुग्णालयांत दिसूं लागलें. २०१९ या एका वर्षांत औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंमुळें सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें थेट मृत्युमुखीं पडलीं, असा अंदाज आहे. म्हणून शास्त्रज्ञ आतां नॅनोकणांकडे वळले आहेत. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश; असे हजारएक नॅनोमीटर ओळीनें मांडले म्हणजे एका सामान्य जंतूची लांबी होते. इतक्या बारीक, स्निग्ध पदार्थाच्या पोकळ गोळ्यांत औषध भरून तें जंतूंच्या ठाण्यापर्यंत पोंचवितां येतें. क्षयजंतूच्या एका भाऊबंदामुळें फुप्फुसांस होणारा चिवट रोग इतर उपायांनीं हटेना, तेव्हां अशा गोळ्यांत भरलेलें अमिकासिन श्वासावाटे देण्यास अमेरिकेंत २०१८ सालीं परवानगी मिळाली.

चांदीचे कण याहून निराळ्या तऱ्हेनें लढतात. त्यांतून सुटणारे विद्युद्भारित अणु जंतूचें आवरण फोडतात व आंतील व्यवहार एकाच वेळीं अनेक ठिकाणीं बिघडवितात. अशा चौफेर माऱ्यास जंतु सरावणार नाहींत, अशी पुष्कळांस आशा होती. एर्लिख असते तर त्यांनीं मान हलविली असती. चेक देशांतील ओलोमोउत्स येथील शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलें कीं, चांदीच्या कणांचा थोडाथोडा मारा वारंवार सोसलेले जंतु एक प्रथिन बाहेर सोडूं लागतात. त्यानें कण एकमेकांस चिकटून त्यांचे गोळे बनतात व निकामी होतात. तेव्हां त्याच संशोधकांनीं चांदीच्या जोडीला डाळिंबाच्या सालीचा अर्क घातला. प्रथिन तयार होणें थांबलें, आणि चांदी पुन्हां लागूं पडली.