साक्षीदार आणि सूत्रधार

विसाव्या शतकातील युद्धे आज आपल्या डोळ्यांसमोर ज्या रूपात उभी राहतात, ते रूप इतिहासकारांइतकेच मोजक्या कॅमेरामननी घडविलेले आहे. सोव्हिएत युद्ध-कॅमेरामन रोमान कारमेन हे त्यांतील अग्रगण्य. त्यांच्या मृत्यूला साडेचार दशकांहून अधिक काळ लोटला. त्यांनी टिपलेली दृश्ये मात्र अजूनही पडद्यावर येतात आणि बहुधा त्यांच्या नावावाचूनच येतात. या माणसाचे स्मरण आवश्यक वाटते ते केवळ गौरवासाठी नव्हे; त्याच्या कर्तृत्वाने मागे ठेवलेला एक प्रश्न अद्याप सुटलेला नाही, म्हणूनही.

कारमेन यांचा जन्म १९०६ साली ओडेसा येथे झाला. वडील लेखक होते. ते १९२० मध्ये निवर्तले. ऐन कोवळ्या वयात, १९२३ साली, कारमेन ‘ओगोन्योक’ साप्ताहिकासाठी छायाचित्रे काढू लागले. पुढे मॉस्कोच्या चित्रपट शिक्षणसंस्थेतून ते १९३२ मध्ये बाहेर पडले. स्पेनमध्ये १९३६ च्या जुलैत यादवी पेटली आणि ऑगस्टमध्ये बोरिस माकासेयेव या सहकाऱ्यासह ते तेथे पोहोचले. त्यांच्या हाती असलेला कॅमेरा किल्ली देऊन चालविण्याचा होता. त्यात सुमारे तीस मीटर फिल्म मावे. म्हणजे जेमतेम मिनिटभराचे चित्रण. पुढचा बॉम्ब कोठे पडेल हे ठाऊक नसताना ते एक मिनिट कशावर खर्च करावयाचे, हा निर्णय क्षणार्धात घ्यावा लागे. दुर्मिळ साधनांची वाटणी हा अर्थशास्त्राचा विषय खरा. पण ती इतक्या निकरावर आलेली क्वचितच पाहावयास मिळते.

स्पेननंतर ते चीनमध्ये गेले आणि १९३९ साली येनान येथे त्यांनी माओंचे चित्रण केले. त्याच वर्षी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर येनानला पोहोचले होते, हे मराठी वाचकाला येथे आठवल्याखेरीज राहणार नाही. त्यानंतर महायुद्ध आले. वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडवरील १९४२ च्या चित्रपटात कारमेन यांचा मोठा वाटा होता. स्टालिनग्राड येथे शरण आलेला फील्डमार्शल पॉलस रोकोसोव्हस्की व वोरोनोव्ह यांच्यासमोर बसलेला आहे, हे प्रसिद्ध छायाचित्र त्यांचेच. मुक्त झालेल्या मायदानेकची छळछावणी त्यांनी १९४४ मध्ये चित्रित केली आणि मे १९४५ मध्ये कार्ल्सहोर्स्ट येथे कायटेलने शरणागतीवर केलेली सहीही टिपली.

या साऱ्याला पूर्णत्व आले ते न्यूरेंबर्ग येथे. नाझींच्या अत्याचारांचे चित्रण सोव्हिएत फिर्यादी पक्षाने १९ फेब्रुवारी १९४६ रोजी न्यायालयासमोर दाखविले. चित्रण खरे असून त्यात फेरफार केलेला नाही, अशी कॅमेरामनांची शपथपत्रे त्यासोबत जोडलेली होती. चित्रपट हा करमणुकीचा वा प्रचाराचा विषय न राहता शपथेवर दिलेला पुरावा झाला. खटल्यावरील ‘सुद नारोदोव्ह’ हा चित्रपट कारमेन यांनीच त्या वर्षी तयार केला. चित्राची साक्ष किती मोलाची असते, हे त्यांच्याइतके जवळून फारच थोड्यांनी पाहिले असेल.

म्हणूनच आठ वर्षांनंतरची घटना मनाला अधिक बोचते. दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्याने ७ मे १९५४ रोजी हार पत्करली. कारमेन तेथे पोहोचले तेव्हा लढाई संपून गेली होती. तेव्हा सेनापती द कास्त्री यांच्या खंदकावर ध्वज फडकविण्याचे दृश्य पुन्हा रचण्यात आले आणि बंदिवान फ्रेंच सैनिकांना कॅमेऱ्यासाठी रांगांनी चालविण्यात आले. ती दृश्ये त्यांच्या ‘व्हिएतनाम’ या १९५५ च्या चित्रपटातून जगभर गेली. साक्षीदार येथे सूत्रधार झाला.

याचे समर्थन करता येत नाही असे नाही. ठाणे पडले होते, विजय खरा होता आणि बंदिवानही खरेच होते; कारमेन यांनी असत्य घटना निर्माण केली नाही, हुकलेली घटना पुन्हा उभी केली, असे म्हणता येईल. परंतु हे समर्थन पुरेसे नाही. त्या रांगांतील माणसे युद्धकैदी होती. नकार देण्याची त्यांना मुभा नव्हती. त्यांतील कित्येक पुढे कैदेतच मरण पावले. शिवाय रचलेले दृश्य अस्सल म्हणून एकदा खपले, की अस्सल दृश्यही संशयास्पद ठरते. मायदानेकचे सत्य ज्यांना नाकारावयाचे आहे, त्यांच्या हाती त्यामुळे आयतेच कोलीत मिळते.

व्ही. शांताराम यांनी १९४६ साली डॉ. कोटणीसांवर चित्रपट काढला. त्यात सारेच रचलेले होते. तरी कोणाची फसवणूक झाली नाही, कारण पडद्यावरचा कोटणीस हा नट आहे हे पहिल्या श्रेयनामावलीतच सांगितलेले होते. अर्थशास्त्राच्या तक्त्यांतही मोजलेला आकडा आणि अंदाजलेला आकडा शेजारी शेजारी बसतात. अंदाज करणे हा दोष नव्हे. तो अंदाज आहे याची खूण न करणे हा मात्र दोष आहे. दिएन बिएन फूच्या चित्रफितीत उणीव आहे ती नेमकी या एका खुणेची.

कारमेन १९६० पासून आपल्या मूळ शिक्षणसंस्थेत शिकवू लागले आणि १९७० मध्ये प्राध्यापक झाले. वृत्तपटांच्या नव्या पिढीला त्यांनी घडविले. भारतावरही त्यांनी १९५९ मध्ये एक चित्रपट केला. सोव्हिएत-जर्मन युद्धावरील वीस भागांच्या मालिकेचे काम चालू असतानाच २८ एप्रिल १९७८ रोजी मॉस्को येथे त्यांचा अंत झाला. अशा गुरूकडून शिष्याने धैर्य घ्यावे, मिनिटभराच्या फिल्मचा विवेक घ्यावा. पण ज्याच्यापुढे उभे राहून शपथपत्रावर सही करता येणार नाही, असे दृश्य अस्सल म्हणून पुढे करू नये, हा धडा मात्र गुरूच्या चुकीतूनच शिकावा लागतो. यंत्राला सांगून हवे ते युद्ध घरबसल्या पडद्यावर उभे करता येते अशा आजच्या दिवसांत हा धडा केवळ कॅमेरामनांपुरता राहिलेला नाही. पाहणाऱ्या प्रत्येकाने, समोरच्या दृश्यामागे शपथ कोणाची आहे, हे विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे.