नोकरी सोडण्याआधीचे लक्ष्मणराव

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण नेहमी जातो-येतो. पण ज्यांचे हे आडनाव, ते लक्ष्मणराव मुळात कारखानदार व्हायला निघालेच नव्हते. नोकरी सोडून स्वतःचे काही सुरू करू का, असे विचारणारी मुले आता आपल्या घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी लक्ष्मणरावांच्या चरित्रातला तेवढाच भाग येथे देत आहोत.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत मन रमेना. ओढ चित्रांची आणि यंत्रांची. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आधारावर ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळले, की आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली, यांत्रिक ड्रॉइंग तेवढे राहिले. त्याच्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी लागली.

आम्हाला महत्त्वाची वाटतात ती नोकरीतली वर्षे. शिकवता शिकवता त्यांनी वर्कशॉपमधल्या यंत्रांवर स्वतःचा हात बसवला. शिवाय मुंबईहून सायकली घेऊन ते बेळगावला धाडत. रामुअण्णा त्या विकत आणि फी घेऊन चालवायलाही शिकवत. म्हणजे पगार चालू, दुकान भावाच्या हाती आणि गिऱ्हाइकाची पारख आधीच झालेली. आम्ही बँकेत कर्जाचे अर्ज तपासत असू, तेव्हा अर्जदाराला हेच आधी विचारत असू: तुमचा माल घेणार कोण, आणि पगार थांबल्यावर घर कसे चालणार? पुष्कळांकडे मशीनची कोटेशने असत, पण या दोन प्रश्नांची उत्तरे नसत.

पुढे बढतीची वेळ आली. लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. अपमान झाला हे खरे, पण नुसत्या रागावर दुकान चालत नाही. राग आला तेव्हा परतायला दुकान होते.

सायकलींवरून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला जवळपास दोन वर्षे लागली. तेवढा काळ माल पडून राहिला, तर आजचा कोणताही शाखाधिकारी खाते लाल शाईत दाखवील!

नांगर खपू लागले, तोवर बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितले. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. राजेसाहेब स्वतः चित्रकार. त्यांनी १०,००० रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. लक्ष्मणरावांनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती.

रामुअण्णाही बेळगाव सोडून बरोबर गेले. कारखाना लक्ष्मणरावांनी पाहिला, आणि वस्तीची व्यवस्था रामुअण्णांनी.